ऑक्टेन अंक : मालवाहू पिकअपसाठी पेट्रोलची निवड

ऑक्टेन अंक : पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरात दाब आणि उष्णता वाढली, तरी ज्योत पोहोचण्याआधी आपोआप न पेटण्याची इंधनाची क्षमता दाखवणारा अंक. पंपावर ९१, ९५, १०० असे आकडे दिसतात ते हेच. हा अंक इंधन किती शुद्ध आहे ते सांगत नाही आणि लिटरमागे किती किलोमीटर मिळतील तेही सांगत नाही. इथेनॉलचे प्रमाण सारखे असेल तर ९१ आणि ९५ ऑक्टेनच्या एकेक लिटर पेट्रोलमध्ये उष्णता जवळपास सारखीच असते. तरीही ‘जास्त आकडा म्हणजे जास्त दम’ ही समजूत मालवाहू गाडी चालवणाऱ्यांत घट्ट रुजली आहे. दिवसभराच्या भाड्यातून डिझेल-पेट्रोलचे पैसे वजा करून घर चालवणाऱ्याला ही समजूत महागात पडते.

विदर्भाचे पश्चिमेकडचे प्रवेशद्वार म्हणून ओळखले जाणारे मलकापूर (जि. बुलढाणा) हे या विषयासाठी चांगले उदाहरण आहे. भुसावळहून नागपूरकडे जाणारा, १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेला लोहमार्ग आणि सुरतेहून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ व आताचा ५३, दोन्ही या गावावरून जातात. कापूस, मका, सोयाबीन, हरभरा खेड्यांतून बाजार समितीत येतो आणि किराणा, सिमेंट, खते खेड्यांकडे परत जातात. ही ने-आण मोठ्या प्रमाणावर छोट्या मालवाहू गाड्या करतात. महामार्ग सपाट आहे. पण मोताळ्यावरून बुलढाण्याला जायचे तर राजूर घाट चढावा लागतो. मलकापूर आणि बुलढाणा यांच्या उंचीत साधारण ४०० मीटरचा फरक आहे. उन्हाळ्यात या भागात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. भरलेली गाडी, चढ आणि तापलेली हवा, म्हणजे इंजिनाची ऑक्टेनची गरज ज्यांनी वाढते त्या तिन्ही गोष्टी इथे एकाच फेरीत भेटतात.

तरीही इथला पहिला प्रश्न ऑक्टेनचा नाही. गाडी डिझेलची आहे की पेट्रोलची, हे आधी पाहावे लागते. महिंद्रा बोलेरो पिकअप, अशोक लेलँड दोस्त आणि खासगी वापराच्या इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स या भारतातल्या पिकअपची ओळख मुख्यतः डिझेलवर घडली आहे. २००५ मध्ये बाजारात आलेला टाटा एस, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘छोटा हत्ती’, हाही ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरी डिझेल इंजिनासह आला. डिझेल इंजिनात स्पार्क-प्लग नसतो; दाबाने तापलेल्या हवेत फवारलेले इंधन आपोआप पेटावे, हीच तिथली अपेक्षा असते. त्यामुळे डिझेलचे मोजमाप उलट्या गुणाचे, सीटेन अंकाचे. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेलसाठी तो किमान ५१ असावा लागतो. ज्याचा ऑक्टेन जास्त त्याचा सीटेन कमी, म्हणून डिझेल गाडीच्या टाकीत चुकून महागडे पेट्रोल गेले तर अपाय कमी होत नाही. कॉमन रेल इंजिनाच्या उच्चदाब पंपाला वंगण डिझेलकडूनच मिळते. पेट्रोल मिसळले की ते वंगण जाते आणि पंप, इंजेक्टर घासले जातात. अशी चूक झाली तर चावीसुद्धा फिरवू नये. गाडी ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करून घ्यावी.

बीएस-६ मानके एप्रिल २०२० पासून लागू झाली आणि छोट्या मालवाहू गाड्यांचे गणित बदलले. धूर शुद्ध करणारी यंत्रणा डिझेल इंजिनावर बसवणे खर्चिक ठरू लागले. मारुती सुझुकीने सुपर कॅरीचे ७९३ सीसीचे डिझेल इंजिन बंद केले आणि ती गाडी १.२ लिटर पेट्रोल व सीएनजीवर आणली. टाटानेही एस गोल्डला ६९४ सीसीचे पेट्रोल इंजिन दिले. तोपर्यंत फक्त डिझेलचा भाव पाहणाऱ्या चालकासमोर तेव्हापासून साधे पेट्रोल की महागडे, हा प्रश्न उभा राहिला.

इंजिनात नेमके काय घडते ते पाहू. प्लगची ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या कडेकडे पसरत जाते. पुढे सरकणारी ज्योत उरलेल्या मिश्रणाला दाबते आणि तापवते. ज्योत तिथे पोहोचण्याआधीच ते मिश्रण एकदम पेटले, तर दाबाच्या लाटा पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. चालकाला कडक, धातूवर छोट्या हातोडीने मारल्यासारखी खटखट ऐकू येते. मिस्त्री म्हणतात, ‘गाडी नॉक करते.’ क्वचित होणारे हलके नॉकिंग इंजिन सहन करते. सतत होत राहिले तर पिस्टनच्या माथ्याला खड्डे पडतात, रिंगा तुटतात, हेड गॅस्केट जाते.

या दोषावर १९२१ मध्ये अमेरिकेत टॉमस मिज्ली यांनी टेट्राइथिल लेड, म्हणजे शिशाचे संयुग, पेट्रोलमध्ये मिसळण्याचा उपाय शोधला. खटखट थांबली, पण शिसे जगभरच्या हवेत आणि मुलांच्या रक्तात गेले. मोटारींच्या इतिहासातला हा मोठा अपराध आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली पूर्ण बंद झाली. अंक मोजण्याची पद्धत ग्रॅहम एडगर यांनी १९२० च्या दशकात सुचवली: सहजी नॉक न करणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० आणि लगेच नॉक करणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला शून्य. एखादे पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतके टिकले तर त्याचा अंक ९१. इथेनॉलचा अंक १०८ च्या आसपास आहे, म्हणजे मापपट्टीच्या वरच्या टोकाच्याही पुढे.

चाचणी एकाच ठरावीक इंजिनावर दोन पद्धतींनी होते. संशोधन पद्धतीत इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेते आणि आत जाणारी हवा साधारण ५२ अंश सेल्सिअस असते; या अंकाला रॉन म्हणतात. मोटर पद्धतीत ९०० फेरे आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवलेले, हा मॉन. कठोर परीक्षेत गुण कमी पडतात, म्हणून पेट्रोलचा मॉन नेहमी रॉनपेक्षा खाली असतो. भारतीय मानकाने साध्या पेट्रोलसाठी रॉन ९१ व मॉन ८१, तर प्रीमियमसाठी ९५ व ८५ अशी किमान मर्यादा घातली. भारतात आणि युरोपात पंपावर रॉन लिहितात. अमेरिकेत दोन्ही अंकांची सरासरी लिहितात, म्हणून तिथले ‘८७’ हे आपल्या साधारण ९१ च्या बरोबरीचे असते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि फोर्ड एफ-१५० सारखी पेट्रोल पिकअप चालवणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा फरक लक्षात ठेवावा. गावाकडे आल्यावर ‘तुमच्याकडे ९१ आणि आमच्याकडे ८७’ अशी तुलना केली तर ती चुकीची ठरते. टर्बो इंजिनाच्या एफ-१५० ला फोर्ड ८७ चालवायला सांगते, पण जड ओझे ओढताना प्रीमियमची शिफारस करते. ओझ्यामुळे गरज वाढते, ही गोष्ट कंपनीनेच अशा प्रकारे मान्य केली आहे.

भारतात आता या गणितात इथेनॉल आले आहे. देशभर १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले, २० टक्के मिश्रणाचे ई२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीला आले आणि २०२५ मध्ये ते सर्वसाधारण झाले. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितल्याप्रमाणे, पूर्वी ८८ असलेला साध्या पेट्रोलचा रॉन बीएस-६ मध्ये ९१ झाला आणि २० टक्के इथेनॉलमुळे तो ९५ पर्यंत पोहोचला. म्हणजे एकेकाळी ज्यासाठी लिटरमागे जादा पैसे मोजावे लागत, तो अंक आता साध्या नळीतूनच मिळतो. बुलढाणा जिल्ह्यात भरपूर पिकणारा मका हाही इथेनॉलचा कच्चा माल आहे, हे या संदर्भात नोंदवण्याजोगे आहे.

पण ऑक्टेन वाढला म्हणून ॲव्हरेज वाढत नाही, उलट घटते. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश उष्णता कमी असते. ई१० साठी बनवून ई२० साठी जुळवलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के आणि इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के घट होते, असे मंत्रालयाचे म्हणणे आहे. जुन्या गाड्यांबाबत नीती आयोगाच्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यातला अंदाज ६ ते ७ टक्क्यांचा होता. नॉकिंग टाळण्यात ई२० सरस आहे आणि किलोमीटरच्या हिशेबात तोट्याचे आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. फक्त पहिलीच सांगणे चालकाशी प्रामाणिक नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबर आणि धातूचे भाग ई२० सहन करतील असे बनवणे अपेक्षित आहे. त्याआधीच्या पेट्रोल पिकअपच्या नळ्या, सील, गॅस्केट मात्र सर्व्हिसिंगला आवर्जून तपासून घ्याव्यात. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी घेऊन गाडी आठवडे उभी राहिली आणि पाणी शिरले, तर इथेनॉल पाण्यासह तळाशी बसते आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो.

एचपीचे पॉवर, इंडियन ऑइलचे एक्सपी-९५, भारत पेट्रोलियमचे स्पीड अशा नावांनी मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात: वाढवलेला ऑक्टेन आणि इंजेक्टर, व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवणारी रसायने. नावातून हे कळत नाही, म्हणून पंपावरचा आकडा वाचावा. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये आणलेले १०० ऑक्टेनचे एक्सपी-१०० उच्चदाब इंजिनांच्या मोटारी आणि मोटारसायकलींसाठी आहे. मालवाहू गाडीत ते ओतणे हा निव्वळ अपव्यय आहे. ज्या इंजिनाला ९१ पुरतो त्याला १०० दिल्याने एका घोड्याचीही भर पडत नाही, कारण दाबाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ बदललेली नसते. नॉक सेन्सर असलेले आधुनिक इंजिन खटखट जाणवताच ठिणगी थोडी उशिरा टाकते. अशा इंजिनाची पुस्तिका ९५ सांगत असेल आणि टाकीत ९१ असेल, तर मात्र दम व ॲव्हरेज थोडे कमी पडतात. तिथे जादा आकड्याचा उपयोग आहे.

राजूर घाटात भरदुपारी भरलेली पेट्रोल पिकअप खटखटू लागली, तर बहुतेक चालक पुढच्या पंपावर ‘पॉवर’ भरायचे ठरवतात. त्याआधी गिअर खाली घ्यावा. चौथ्या गिअरमध्ये फेरे कमी आणि पाय पूर्ण दाबलेला, ही नॉकिंगला सर्वांत पोषक अवस्था आहे. तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात फेरे वाढले की ज्योत कमी वेळात काम उरकते आणि बहुतेक वेळा आवाज थांबतो. तरीही राहिला, तर कूलंटची पातळी, प्लगचा प्रकार, कोंदलेला एअर फिल्टर आणि पिस्टनवर साचलेला कार्बन तपासावा. कार्बनने जागा व्यापली की दाब वाढतो, म्हणून लाखभर किलोमीटर पळालेल्या इंजिनाची गरज नव्यापेक्षा थोडी जास्त असते. ठरलेल्यापेक्षा जास्त माल भरलेला असेल तर कोणतेही पेट्रोल त्याला औषध नाही.

भेसळीचाही विचार करावा. रॉकेल मिसळले की ऑक्टेन झपाट्याने पडतो. एकाच पंपावर भरल्यानंतर गाडी नॉक करू लागली, तर तिथे फिल्टर पेपर मागण्याचा आणि घनता पाहण्याचा ग्राहकाला हक्क आहे. नोझलवरचा थेंब कागदावर टाकावा; चांगले पेट्रोल दोन मिनिटांत उडून जाते आणि तेलकट डाग मागे राहत नाही.

सीएनजी आणि पेट्रोल अशा दोन्हींवर चालणाऱ्या पिकअपमध्ये सीएनजीचा ऑक्टेन १२० च्या आसपास असतो. गॅसवर चढताना खटखट नाही आणि पेट्रोलवर येताच आहे, असे झाले तर इंधनापेक्षा पेट्रोलच्या बाजूची जुळवणी आधी पाहावी.

मलकापुरात चालणाऱ्या बहुतांश पेट्रोल पिकअपना साधे ई२० पेट्रोल पुरेसे आहे. पुस्तिकेत ९५ पेक्षा मोठा अंक लिहिलेला असेल तरच महाग नळीकडे वळावे. टाकीच्या झाकणामागची पट्टी आणि पुस्तिकेतले इंधनाचे पान आजच वाचून घ्या.