असमर्थ प्रौढांची मालमत्ता : ‘हजर’पासून २०१७ च्या कायद्यापर्यंत

बुद्धिभ्रंश झालेल्या प्रौढाच्या संपत्तीचा सांभाळ कोणी करावा, हा प्रश्न इस्लामी विधिशास्त्रास जुनाच आहे. अल्पबुद्धी व्यक्तीच्या हाती संपत्ती सोपवू नये, मात्र तीतून तिला अन्नवस्त्र द्यावे आणि तिच्याशी सौजन्याने बोलावे, असा सूरह निसामध्ये (४:५) आदेश आहे. फिकहमध्ये व्यवहारावरील अशा निर्बंधास ‘हजर’ म्हणतात. वेड्या व्यक्तीवरील हजर सर्वमान्य होता. परंतु उधळ्या, तरी शहाण्या प्रौढावर तो लादण्यास इमाम अबू हनीफा यांनी नकार दिला. त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद यांनी मात्र तो मान्य केला.

ब्रिटिश भारतात १८५८ च्या ३५ व्या कायद्याने मुफस्सल भागातील हे काम दिवाणी न्यायालयाकडे आले. १९१२ व १९८७ च्या कायद्यांतही मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची आणि त्याच्याकडून हिशेब घेण्याची तरतूद होती. २९ मे २०१८ रोजी अमलात आलेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने १९८७ चा कायदा रद्द झाला. नव्या कायद्यात उपचारांसाठी प्रतिनिधी आहे, मालमत्तेसाठी व्यवस्थापक नाही. १८९० चा पालक व पाल्य कायदा केवळ अज्ञानांपुरता आहे. परिणामी कोमातील पतीच्या खात्यातून उपचारांचा खर्च काढण्यासाठीही पत्नीला अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली.

पालक हा मालक नसून अमीन आहे, हे तत्त्व दोन्ही परंपरांत समान आहे. उणीव आहे ती हिशेब मागणाऱ्या, जवळच्या न्यायालयाची.