पास्काल नियम
बंदिस्त द्रायूवर (द्रवावर वा वायूवर) एखाद्या ठिकाणी दिलेला जादा दाब त्याच्या सर्व भागांत व पात्राच्या भिंतींवर, सर्व दिशांना, न घटता पोहोचतो. हा नियम फ्रेंच गणितज्ञ व भौतिकीविज्ञ ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांच्या नावाने ओळखला जातो. द्रायूच्या स्वतःच्या वजनामुळे खोलीनुसार वाढणारा दाब यात वेगळा धरावा लागतो.

या विचाराची पूर्वतयारी फ्लेमिश अभियंते सायमन स्टेव्हिन यांनी केली होती. पात्राच्या तळावरील द्रवाचा भार द्रवाच्या एकूण राशीवर नव्हे, तर तळाचे क्षेत्रफळ व द्रवाची उंची यांवर अवलंबून असतो, हे त्यांनी १५८६ मध्ये मांडले.

पास्काल यांचा द्रवांच्या समतोलावरील प्रबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये, प्रसिद्ध झाला. त्यात पाण्याने भरलेल्या, दोन तोंडांच्या बंद पात्राची कल्पना आहे. एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठे असून दोहोंत घट्ट बसणारे दट्ट्ये असल्यास, लहान दट्ट्या दाबणारा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरील शंभर माणसांना तोलून धरील. फुकट मात्र काहीच मिळत नाही : मोठा दट्ट्या १ सेंमी. सरकण्यासाठी लहान दट्ट्या १०० सेंमी. सरकवावा लागतो. हे प्रमाणही पास्काल यांनी ओळखले होते.

सगळी अडचण होती ती दट्ट्या ‘घट्ट बसणारा’ करण्यात. रॉबर्ट बॉइल यांनी १६६६ मध्ये पास्काल यांच्या काही प्रयोगांवर असाच आक्षेप घेतला. गणितज्ञ सहज गृहीत धरतो तितके अचूक पितळी दट्ट्ये कारागिराकडून क्वचितच मिळतील, असे त्यांचे म्हणणे होते. आक्षेप खोचक असला, तरी रास्त होता.

द्रवीय दाबयंत्राचे एकस्व (पेटंट) इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी घेतले ते १७९५ मध्ये, म्हणजे प्रबंधानंतर १३२ वर्षांनी. त्यांनाही गळतीने सतावले. दट्ट्याभोवतीचे वेष्टन सैल ठेवल्यास पाणी गळे. आवळल्यास दट्ट्याच अडकून परत येईना. यावरील उपायाचे श्रेय सामान्यतः त्यांच्या कार्यशाळेतील हेन्री मॉडस्ली यांना देतात. त्यांनी पन्हळीच्या आकाराचे चामड्याचे कडे बसविले. दाबाखालील पाणी पन्हळीत शिरून तिचा काठ दट्ट्यावर रेटते. त्यामुळे दाब वाढेल तसे कडे अधिक घट्ट बसते व दाब उतरताच सैल होते. दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, म्हणूनच हे साधते.

यानंतरची मर्यादा लोखंडाच्या बळाची होती. वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीवरील ब्रिटानिया पुलाच्या १,५०० टनांहून जड लोखंडी नळ्या द्रवीय दाबयंत्रांनी उचलल्या जात असताना, ऑगस्ट १८४९ मध्ये एका यंत्राच्या सिलिंडरचा तळच फुटला. नळी वर जाईल तसतसे तिच्याखाली टेकू भरत गेल्यामुळे ती काही इंचच खाली आली.