हात लावण्याआधीचा प्रश्न

रुग्णाला हात लावण्याआधी धोका तपासा, असं आज प्रत्येक परिचारिकेला शिकवतात. देवगाव फाट्यावरच्या या सभेत आशाताईही बसल्या आहेत, म्हणून या एका वाक्यामागचा इतिहास आज बघू.

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत साथ पुण्यात पोचली. सावित्रीबाई फुले तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. मुलगा यशवंत डॉक्टर. त्याला त्यांनी बोलावून घेतलं आणि हडपसरजवळच्या माळरानावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथं आणलं, असं चरित्रांतून येतं. या सेवेतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आता प्रश्न असा, की बाईंना धोका कळला नव्हता का? साथ जीवघेणी आहे हे तर सगळ्या पुण्याला दिसत होतं. पण माहिती किती होती? प्लेगचा जंतू १८९४मध्ये हाँगकाँगला सापडला होता. तो माणसापर्यंत येतो कसा, हे मात्र ठाऊक नव्हतं. उंदरावरची पिसू तो आणते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ साली. हाफकिन यांनी भायखळ्याला स्वतःला लस टोचून घेतली ती १० जानेवारी १८९७ला, बाईंच्या मृत्यूच्या बरोबर दोन महिने आधी. म्हणजे धोका दिसत होता, पण त्याची वाट दिसत नव्हती.

आणि इथंच एक भेद नीट लक्षात घ्या. स्पर्शाची भीती आपल्या समाजाला नवी नव्हती. विटाळाच्या नावानं ती शेकडो वर्षं पाळली गेली. पण विटाळ विचारतो, ‘हा माणूस कोण?’ धोक्याची तपासणी विचारते, ‘हा रोग पसरतो कसा?’ पहिल्या प्रश्नानं माणूस दूर ढकलला जातो. दुसऱ्यानं त्याच्याजवळ जाण्याची रीत सापडते: हातमोजे, मास्क, लस, धुतलेले हात. सावित्रीबाईंनी पहिला प्रश्न नाकारला. दुसऱ्याचं उत्तर त्यांच्या काळाकडे नव्हतं.

आपल्या काळाकडे ते आहे. २०२०च्या कोविडमध्ये आशाताई घरोघर फिरल्या. त्यांना ‘सावित्रीच्या लेकी’ म्हणून हार घालायचे आणि मास्कची वेळ आली की हात आखडायचा, याला गौरव म्हणत नाहीत. ही तर जबाबदारीची टाळाटाळ झाली, बरं का. त्याग हा ज्याचा त्यानं करायचा असतो. तो दुसऱ्याकडून गृहीत धरता येत नाही. म्हणून सेवा करणारीनं ‘आधी साधनं द्या’ म्हटलं, तर ते भित्रेपण समजू नका. सावित्रीबाईंच्या मरणातून घ्यायचा धडा तोच आहे.