कामाशिवाय चढलेला डोंगर

सकाळचे ऊन पाठीवर आणि समोर कोकणातून वर आलेल्या धुक्याची भिंत, एवढे जुळून आले की हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभ्या माणसाला आपलीच सावली धुक्यावर पडलेली दिसते आणि तिच्याभोवती सप्तरंगांचे अख्खे वर्तुळ. ट्रेकर मंडळी याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा मोठा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली छापला. वर्तुळाचा अर्धा भाग आपल्या पातळीच्या वर आणि अर्धा खाली कसा दिसतो, मधोमध आपली, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली कशी रेखीव उमटते, हे त्यात बारकाईने लिहिले आहे. साइक्सने इंद्रवज्र १८३५ मध्ये पाहिले असे आज सर्रास सांगितले जाते. ते वर्ष छपाईचे आहे. साइक्स १८३१ मध्येच मायदेशी परतला होता.

हा साहेब कड्यावर हवा खायला आला नव्हता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये त्याला मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमले होते. गावे, माणसे, पिके, पाऊस, पक्षी, मासे असे सगळे टिपत तो फिरत होता. एका चंडोलाला आजही त्याचे नाव आहे. कोकणकड्यावरचे ते वर्तुळही त्याच नोंदवहीत गेले.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला कळसूबाईपासून रतनगडावरून हरिश्चंद्रगडापर्यंत सह्याद्रीचा जो पट्टा आज अभयारण्य म्हणून ओळखला जातो, तिथे शतकानुशतके वर गेलेल्या माणसाला बहुधा असेच काहीतरी काम असे. कुणी तपाला गेला, कुणी नवस फेडायला, कुणी पहाऱ्यावर, कुणी पाठलाग चुकवायला. काही काम नसताना डोंगर चढणारी माणसे झुंडीने येऊ लागली ती गेल्या साठ-सत्तर वर्षांत. आधीच्यांनी पाडलेल्या वाटा, खोदलेली टाकी आणि कोरलेल्या गुहा यांच्याच भरवशावर त्यांचा मुक्काम होतो.

तपाचा धागा सर्वांत जुना. हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ, त्याच्या भोवतालच्या गुहा, काठावर कोनाड्यांची रांग असलेली पुष्करणी आणि थोडे खाली केदारेश्वराची गुहा. या गुहेत भलेमोठे शिवलिंग कमरेइतक्या गार पाण्यात उभे आहे. चार खांबांपैकी तीन मोडले आहेत, चौथ्याच्या साथीने छत तसेच आहे. चांगदेवांच्या नावावरचा ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच डोंगरावर सिद्ध झाला. त्याचा काळ शके १२३४, म्हणजे इ.स. १३१२. पाण्याची सोय, सावली आणि गावाच्या कलकलाटापासून लांबची जागा, असा हिशेब योग्यांनी मांडला. आज शनिवारी रात्री मुक्कामाला येणाऱ्यांचा हिशेब याहून फार वेगळा नसतो.

कळसूबाईचे तसे नाही. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. पण पायथ्याच्या गावांना ते उंचीमुळे मोठे नाही, देवीमुळे आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये तिची कथा नोंदलेली आहे. कळसू ही कोळ्याची पोर. ती इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली ती एका अटीवर: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. एके दिवशी तिला नेमकी हीच कामे सांगितली. तिने ती उरकली, डोंगराची वाट धरली आणि पुन्हा खाली उतरलीच नाही. नवरात्रात बारी आणि आसपासच्या गावांतली माणसे तिच्या माथ्यावरच्या चिमुकल्या देवळाकडे चढतात. अनेक वर्षे कातळाच्या अवघड टप्प्यांवर आधाराला साखळ्या होत्या. पुढे लोखंडी शिड्या आल्या. त्या बसल्या भाविकांच्या सोयीसाठी, आज त्यांवर रांग लागते ती ट्रेकरांची.

तिसरे काम व्यापाराचे. कोकण आणि देश यांच्यातला माल घाटवाटांनी जाई, आणि हरिश्चंद्रगड उभा आहे तो अशा वाटांच्या मधोमध. बेलपाड्याकडून वर येणारा साधले घाट, खिरेश्वरहून कोथळ्याकडे उतरणारी तोलार खिंड. खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे. जंगलातून बैल हाकणाऱ्याने त्याला हात जोडले नसते तरच नवल.

वाटा आल्या म्हणजे त्यांवर नजर ठेवणे आले. कुलंग, मदन, अलंग, रतनगड, हरिश्चंद्रगड ही किल्ल्यांची साखळी त्यासाठीच. हरिश्चंद्रगड मराठ्यांनी १७४७-४८ च्या सुमारास मोगलांकडून घेतला. शिबंदीच्या जगण्याचे खरे कसब पाहायचे तर कुलंगचा माथा गाठावा. कातळात ओळीने खोदलेली टाकी, आणि घळीतले पावसाचे पाणी अडवायला घातलेली दगडी भिंत. उरलेले पाणी वाहून जायला तिला गोमुख ठेवले आहे. चहूबाजूंनी कडे तुटलेले असताना वर राहणाऱ्याला उन्हाळा काढायचा असेल तर दारूगोळ्याच्या आधी हे काम करावे लागे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हे किल्ले इंग्रजांच्या हाती गेले. ठेवले तर पहाऱ्याचा खर्च, सोडले तर बंडखोरांना घर. त्यावर त्यांनी सह्याद्रीत जागोजागी एक स्वस्त उपाय केला: पायऱ्यांना सुरुंग. अलंग आणि मदन यांच्या तुटलेल्या पायऱ्या त्याच धोरणाच्या खुणा समजल्या जातात. शिबंदीचा माणूस डोक्यावर ओझे घेऊन जिथून चढत असेल, तिथे आज दोर आणि कातळावर चढणारा जाणकार यांच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. महाराष्ट्रातल्या ‘सर्वांत कठीण’ ट्रेकच्या यादीत अलंग-मदन-कुलंग पहिल्या ओळीत असतो; त्या कठीणपणातला मोठा वाटा इंग्रजांच्या दारूचा आहे.

पायऱ्या फोडल्या तरी डोंगर त्यांच्या हाती आला नाही, कारण महादेव कोळ्यांना पायऱ्यांची गरज नव्हती. किल्ल्यांवरची कामे आणि वतने गेल्यावर १८२८ नंतरच्या दोन वर्षांत रामजी भांगरे यांच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. तो मोडण्याच्या कामगिरीवर असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशला एकेक घाटवाट समजून घ्यावी लागली. पुढे त्यानेच या जमातीवर सविस्तर लेखन केले, आणि अभ्यासकांना आजही त्याचाच आधार घ्यावा लागतो. रामजींचे चिरंजीव राघोजी भांगरे, अकोल्यातल्या देवगावचे, यांनी पुन्हा बंड उभारले, सावकारांना धाक बसवला आणि कित्येक वर्षे याच रानात सरकारला हुलकावण्या दिल्या. ते सापडले ते डोंगरात नाही, पंढरपुरात. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

हे रान शहराच्या जवळ आणले ते आगगाडीने आणि धरणाने. थळ घाट चढून रेल्वे १८६५ मध्ये इगतपुरीला पोचली. भंडारदऱ्याला प्रवरेवर १९१० मध्ये सुरू झालेले धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि त्याला मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचे नाव मिळाले. त्याच्या सामानासाठी झालेले रस्ते पुढे बंगले, सहली आणि एसटीच्या कामी आले.

कामाशिवाय डोंगर चढणारा माणूस या वाटेने आला. मुंबईत १९५४ मध्ये गिरिविहार संस्था निघाली. गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने मराठी मध्यमवर्गाला गडांचे वेड लावले. हरीश कापडिया यांच्या इंग्रजी वाटदर्शक पुस्तकाने सह्याद्रीतल्या वाटा नकाशासकट लोकांच्या हाती दिल्या. शुक्रवारी रात्री कसाऱ्याची लोकल धरायची, पहाटे पायथ्याच्या गावात उतरायचे आणि एक वाटाड्या बरोबर घ्यायचा, अशी रीत पडली. हा वाटाड्या बहुतेक वेळा महादेव कोळी किंवा ठाकर असे. पणजोबाने सायबाला चुकवायला वापरलेली वाट पणतू आता पाहुण्याला दाखवू लागला.

१९८६ मध्ये शासनाने ३६१.७१ चौरस किलोमीटरचे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर केले. बिबट्या, शेकरू, भेकर, सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी, हे सगळे आता कायद्याच्या छत्राखाली आले. पण ही रेघ रिकाम्या जंगलाभोवती ओढलेली नव्हती. आत गावे होती, शेते होती, गुरांची राने होती. राष्ट्रीय उद्यानात लोकांचे हक्क संपवावे लागतात, अभयारण्यात त्यांतले काही कायम ठेवता येतात. पाचनई, रतनवाडी, साम्रद ही गावे म्हणूनच सीमेच्या आत राहिली. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे युनेस्कोच्या यादीत गेली. महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी निवडली गेली, राज्याचे सर्वोच्च शिखर नाही.

गर्दी मात्र यादीची वाट पाहत थांबली नाही. पावसाळ्यातल्या रविवारी कळसूबाईच्या शिड्यांखाली माणूस तासभर खोळंबतो. मे-जूनच्या काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. त्यांच्या दिव्यांनी आणि गोंगाटाने काजव्यांचे मीलन बिघडते, म्हणून वनखात्याला त्या दिवसांत प्रवेशावर निर्बंध घालावे लागतात. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणले. नोंदणी, प्रशिक्षित वाटाडे, सुरक्षेची साधने या गोष्टी त्यात आल्या.

या गर्दीचा दुसरा अर्थ पाचनईच्या घरांत कळतो. हरिश्चंद्रगडाच्या पठारावर झाप टाकून पिठलं-भाकरी, लिंबू सरबत आणि ताक विकणारी बाई आणि तंबू भाड्याने देणारा तिचा मुलगा यांची वर्षाची मिळकत बरीचशी पावसाळा आणि हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारांवर उभी असते. पिठाची पोती, तेलाचे डबे आणि तंबू रोज डोक्यावरून वर चढतात. वनखात्याने मुक्कामावर बंदीची भाषा केली की पहिला आवाज याच घरांतून उठतो.