लोलापलूझा: शहराच्या बागेत भरणारा संगीताचा मेळा चालतो कसा आणि जाणाऱ्याने काय सांभाळावं?

दरवर्षी जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला इन्स्टाग्रामवर एक दृश्य हमखास दिसतं. मागे शिकागोच्या उंच इमारती, एका बाजूला समुद्रासारखं पसरलेलं मिशिगन सरोवर आणि मधल्या हिरवळीवर हात उंचावून गाणारी हजारो माणसं. हा लोलापलूझा. २०२३ पासून तो मुंबईतही भरू लागला आणि हे नाव मराठी तरुणांच्याही ओळखीचं झालं.

रीलमध्ये एक गोष्ट मात्र लक्षात येत नाही. शिकागोचा हा मेळा स्टेडियममध्ये नाही, तर शहराच्या मधोमध असलेल्या सार्वजनिक बागेत भरतो. प्रवेशद्वारावरची तपासणी, पिण्याच्या पाण्याची सोय, वादळ आल्यावर आसरा घ्यायची जागा, रात्री दहाला बंद होणारे स्पीकर, हे सगळं या एका गोष्टीशी जोडलेलं आहे. ते माहीत असेल तर दिवस मजेत जातो. माहीत नसेल तर प्रसंगी जिवावर बेतू शकतं.

फिरता कार्यक्रम बागेत कसा स्थिरावला?

लोलापलूझाची सुरुवात १९९१ ची. ‘जेन्स अ‍ॅडिक्शन’ या रॉक बँडचा गायक पेरी फॅरेल याने आपल्या बँडच्या निरोपाचा दौरा म्हणून तो आखला. तेव्हा हा कार्यक्रम एका जागी नव्हता. अनेक बँडचा ताफा अमेरिकेतल्या शहरांमधून फिरायचा. १९९७ नंतर तो थांबला, २००३ मध्ये पुन्हा निघाला आणि २००४ चा दौरा तिकिटं खपत नाहीत म्हणून रद्दच करावा लागला.

मग २००५ मध्ये आयोजकांनी फिरणं सोडलं आणि शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये मुक्काम ठोकला. पहिल्या वर्षी दोन दिवस, २००६ पासून तीन दिवस आणि २०१६ पासून गुरुवार ते रविवार असे चार दिवस. आता दर दिवशी साधारण एक लाख माणसं येतात. पुढे चिली, ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनी, फ्रान्स अशी शाखा वाढत गेली. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आशियातला पहिला लोलापलूझा झाला.

ही बाग नेमकी कुणाची?

ग्रँट पार्क सुमारे ३१९ एकरांचं आहे. दादरचं शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचं. म्हणजे अकरा शिवाजी पार्क शेजारी शेजारी ठेवली तरी ग्रँट पार्कमध्ये थोडी जागा उरेल. बागेचा काही भाग सरोवरात भराव घालून तयार झाला आहे. १८७१ च्या शिकागोच्या मोठ्या आगीनंतरचा राडारोडाही त्या भरावात गेला.

या जागेला जुना इतिहास आहे. १८३६ च्या नकाशातच सरोवराकाठची ही जमीन लोकांसाठी कायम मोकळी राहावी, तिथे बांधकाम होऊ नये अशी नोंद होती. पुढे या जमिनीवर इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा एरन माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने १८९० पासून वीस वर्षं कोर्टात लढून त्या रोखल्या. आज मुक्कामी मेळ्याला एवढं मोठं मोकळं मैदान मिळतं ते त्या लढ्यामुळे.

बाग सांभाळणारी संस्था म्हणजे शिकागो पार्क डिस्ट्रिक्ट. ती आयोजकांना बाग ठरावीक दिवसांसाठी वापरायला देते. बदल्यात पैसे घेते आणि मेळ्यानंतर हिरवळ पूर्ववत करून देण्याची जबाबदारी आयोजकांवर टाकते. २०२२ मध्ये हा करार आणखी दहा वर्षांसाठी झाला.

पण यात एक गाठ आहे. कुंपण चार दिवसांचंच नसतं. मंच उभारायला आणि उतरवायला आणखी दिवस लागतात. तेवढा काळ बागेचे ते भाग फिरायला, खेळायला येणाऱ्यांना बंद. लंडनमध्ये हा वाद कोर्टात गेला. तिथल्या ब्रॉकवेल पार्कमध्ये संगीत मेळ्यांसाठी वर्षातले २८ पेक्षा जास्त दिवस बाग अडते, अशी रहिवाशांची तक्रार होती. मे २०२५ मध्ये हायकोर्टाने स्थानिक कौन्सिलचा निर्णय बेकायदा ठरवला. मेळा हवा की बाग हवी, असा हा सोपा प्रश्न नाही. सगळ्यांच्या जागेला किती दिवस तिकीट लावायचं, हा खरा प्रश्न आहे.

आत गेल्यावर काय असतं?

बागेला स्टेडियमसारख्या खुर्च्या नाहीत, कायमची छतं नाहीत, पुरेशी स्वच्छतागृहं नाहीत. सगळं तात्पुरतं उभं करावं लागतं. प्रेक्षकाला आधी समजून घ्यायच्या गोष्टी त्यातूनच येतात.

पहिली गोष्ट मनगटावरचा पट्टा. तिकीट म्हणजे कापडी पट्टा आणि त्यात एक छोटी चिप. दारावर ती वाचली जाते. पट्टा आधी स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवणं शहाणपणाचं, कारण हरवला तर तीच नोंद कामी येते. अनोळखी माणसाकडून ऐनवेळी घेतलेला पट्टा दारावर चालेलच असं नाही.

दुसरी गोष्ट पिशवी. मोठ्या सॅक आत जाऊ देत नाहीत. छोटी किंवा पारदर्शक पिशवी चालते. मापं दरवर्षी बदलू शकतात, म्हणून निघण्याआधी त्या वर्षीचे नियम वाचावेत. दारावरून परत जाऊन पिशवी ठेवायला जागा शोधणं म्हणजे अर्धा दिवस वाया.

तिसरी गोष्ट अंतर. ग्रँट पार्कमधले दोन सर्वांत मोठे मंच बागेच्या दोन टोकांना असतात. त्यांच्यातलं अंतर साधारण दीड किलोमीटर. एका मंचावरचं शेवटचं गाणं संपवून दुसऱ्या मंचाचं पहिलं गाणं पकडायचं, हे कागदावर जमतं, गर्दीत जमत नाही. म्हणून जुने जाणकार दिवसाला तीन-चारच कलाकार ठरवतात आणि बाकीचं वाटेत ऐकतात.

चौथी गोष्ट पाणी. रिकामी बाटली घेऊन जाता येते आणि आत फुकट भरता येते. शिकागोचा ऑगस्ट तापतो आणि हिरवळीवर सावली कमी. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, हा साधा नियम. डोकं गरगरलं, घाम थांबला, बोलण्यात गोंधळ झाला तर ती उष्माघाताची लक्षणं असू शकतात. तेव्हा गाणं सोडून सरळ वैद्यकीय तंबू गाठायचा.

फोनवरही फार भरवसा ठेवू नये. एका ठिकाणी लाख माणसं एकाच वेळी व्हिडिओ टाकत असतील तर नेटवर्क अडखळतं. मित्रांनी ‘हरवलो तर इथे भेटायचं’ अशी खूण आधीच ठरवावी. ग्रँट पार्कमध्ये १९२७ चं बकिंगहॅम कारंजं दुरूनही ओळखू येतं.

वादळ आलं तर लाखभर माणसं जातात कुठे?

४ ऑगस्ट २०१२ चा शनिवार. दुपारी वादळ शिकागोकडे येत असल्याचा इशारा मिळाला आणि मेळा मध्येच थांबवला गेला. हजारो लोकांना बागेबाहेर काढलं आणि आसरा म्हणून जवळच्या भूमिगत पार्किंगकडे पाठवलं. वादळ सरल्यावर दारं पुन्हा उघडली आणि कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालला.

उघड्या मैदानात वीज हा सर्वांत मोठा धोका. मंचाचे लोखंडी सांगाडे उंच, आणि झाडाखाली थांबणं त्याहून वाईट. त्यामुळे बाहेर पडायची सूचना आली की ‘एवढं गाणं होऊ दे’ म्हणत रेंगाळू नये. आत शिरतानाच बाहेर पडायच्या दोन वाटा पाहून ठेवाव्यात. ज्या दारातून आलो तेच जवळचं असेल असं नाही.

गर्दीत जीव नेमका कशाने जातो?

५ नोव्हेंबर २०२१. अमेरिकेतल्याच ह्यूस्टन शहरात, एनआरजी पार्क या संकुलाच्या मोकळ्या जागेत ‘अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड’ हा दोन दिवसांचा मेळा सुरू होता. ट्रॅव्हिस स्कॉट मंचावर आला तेव्हा पुढच्या भागात गर्दी दाटत गेली. दहा जणांचा जीव गेला. सर्वांत लहान मुलगा नऊ वर्षांचा होता आणि सर्वांत मोठी व्यक्ती २७ वर्षांची.

अशा वेळी बातम्यांमध्ये ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द येतो आणि माणसं पायाखाली तुडवली गेली असं वाटतं. पण ह्यूस्टनच्या शवविच्छेदनात मृत्यूचं कारण छाती दाबली जाऊन श्वास कोंडणं, हे निघालं. माणूस उभ्याउभ्याही असा गुदमरू शकतो. फुप्फुसं फुगायला छातीला जागा लागते. चहूबाजूंनी दाब आला की ती जागाच उरत नाही.

एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असतील तर हालचाल मोकळी असते. पाचाच्या पुढे आकडा गेला की धोका सुरू होतो. त्याहून दाटी झाली की गर्दी पाण्यासारखी वागते, एका टोकाच्या धक्क्याची लाट दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि कुणी ठरवून थांबू शकत नाही. मागच्याला पुढचा गुदमरतोय हे दिसतच नाही.

म्हणून खुणा आधी ओळखाव्यात. आजूबाजूच्यांचे खांदे सतत लागत असतील, हात उचलून चेहऱ्याला लावता येत नसेल, तर निघायची वेळ झाली. तेव्हा अजून निघता येतं. लाट सुरू झाल्यावर गर्दीच्या विरुद्ध रेटू नये. दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणात तिरकं सरकत कडेला यावं. दोन्ही हात छातीसमोर मुठी वळून धरावेत, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. ओरडण्यात दम घालवू नये. मोबाइल पडला तर पडू द्यावा, वाकू नये. शेजारी कुणी पडलं तर लगेच उचलावं. कठड्याच्या पहिल्या रांगेचा मोह मोठा असतो, पण दाब सर्वांत जास्त तिथेच येतो.

कानांचं काय?

मोठ्या मंचासमोर आवाज सहज १०० डेसिबलपर्यंत जातो. कामाच्या ठिकाणी आवाजाची सुरक्षित मर्यादा ठरवताना अमेरिकेतली तज्ज्ञ संस्था ८५ डेसिबलला आठ तास धरते. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. मेळा चालतो दिवसभर. रात्री कानात शिट्टी वाजत राहिली तर तो कानाने दिलेला इशारा असतो. फोमचे साधे इअरप्लग, स्पीकरपासून लांब उभं राहणं आणि अधूनमधून शांत कोपऱ्यात विश्रांती, एवढ्याने फरक पडतो. लहान मुलांना कान झाकणारे हेडफोन हवेतच.

रात्री दहालाच का बंद?

बागेच्या चारही अंगांना शहर असतं आणि शहराला झोप लागते. शिकागोत मोठे मंच रात्री दहाच्या सुमारास थांबतात. जुलै २०१२ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये तर ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी एकत्र गात होते. वेळेची मर्यादा उलटली आणि प्रेक्षकांचे आभार मानण्याआधीच त्यांचे माइक बंद केले गेले.

महाराष्ट्राला हा नियम नवा नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातून मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. पहाटेपर्यंत रंगणाऱ्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही याच नियमापुढे वेळ बदलावी लागली. २०१० मध्ये मुंबई हायकोर्टाने शिवाजी पार्कला शांतता क्षेत्र ठरवलं, तेही आसपासच्या रहिवाशांच्या तक्रारीनंतर.

प्रेक्षकासाठी याचा अर्थ असा की सगळे एकाच वेळी बाहेर पडतात. परतीची ट्रेन कुठल्या स्टेशनवरून, हे सकाळीच ठरवावं. पहिल्या लोंढ्यात घुसण्यापेक्षा वीस मिनिटं थांबलेलं बरं.

मेळा संपल्यावर बागेचं काय होतं?

पाऊस पडला तर हिरवळीचा चिखल होतो. २००९ मध्ये ऑस्टिन शहराच्या झिल्कर पार्कमध्ये असंच झालं. मेळ्याआधी नव्या हिरवळीला घातलेलं खत मैल्यावर प्रक्रिया करून बनवलेलं होतं. पावसाने ते वर आलं आणि हजारो लोक त्याच चिखलात नाचले. २०११ च्या पावसात ग्रँट पार्कचीही हिरवळ उखडली आणि दुरुस्तीचा खर्च आयोजकांनी भरला.

मुंबईत हा हिशेब लवकरच मांडावा लागेल. महालक्ष्मी रेसकोर्सच्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर जागा मोठ्या सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. उद्यान झालं की तिथे मेळे भरवायचे का, वर्षात किती दिवस, कुंपण किती काळ आणि हिरवळ कोण भरून देणार, हे प्रश्न मुंबईकरांसमोर येतील. शिकागोने त्याची उत्तरं करारात लिहून ठेवली आहेत. मुंबईला ती उद्यानाचं दार उघडण्याआधी लिहावी लागतील.