एक वही, दोन कारकून

न्हावा आणि शेवा ही खाडीकाठची दोन गावे. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. तेथे कंटेनर, म्हणजे लोखंडी पेट्या, एकावर एक रचून ठेवलेल्या असतात. कोणती पेटी कोठे आहे, कोणाची आहे, कोणत्या जहाजात चढायची आहे, हे सारे संगणकातल्या वहीत. वही हरवली की पेटी डोळ्यांसमोर असून नसल्यासारखी!

२७ जून २०१७ रोजी तसेच झाले. बंदरातला एक धक्का डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली कंपनी चालवते. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका प्रणालीतून निघालेला संगणकी रोग मर्स्कच्या यंत्रांत शिरला आणि हा धक्का थांबला. जमेल तेवढे काम हातांनी करायची पाळी आली.

मग तुम्ही म्हणाल, वहीची दुसरी प्रत नव्हती काय? होती ना. इथेच खरी गोष्ट आहे.

आपल्या गावच्या सोसायटीचेच घ्या. कारकून दोन, पण वही एकच, सामाईक कपाटात. पहिला आजारी पडला तर दुसरा तीच वही उघडतो आणि पुढच्या ओळीपासून लिहू लागतो. काम अडत नाही. पण पहिला आजारी नसून नुसता चहाला गेला असेल तर? दोघेही लिहितील आणि हिशेबाचा चिवडा होईल. म्हणून आधी पहिल्याच्या हातची किल्ली काढून घ्यायची, मगच दुसऱ्याने लेखणी उचलायची. आणि कपाटच जळाले तर? त्यावर दुसरा उपाय म्हणजे पाच जणांकडे पाच वह्या. तिघांनी टिपली की नोंद पक्की. पंचांचा कारभारच म्हणा! प्रचंड माहिती अनेक यंत्रांवर वाटून ठेवणाऱ्या ‘हाडूप’ प्रणालीत २०१२-१३ च्या सुमारास हे दोन्ही उपाय आले.

पण यंत्र बंद पडणे वेगळे आणि सगळ्या यंत्रांत एकाच तारेने विष भिनणे वेगळे. आत कोणाला सोडायचे याची यादी मर्स्कने जगभर सुमारे दीडशे यंत्रांवर ठेवली होती. एक गेले तर बाकीची आहेत, हा भरवसा. सगळी एकदम जातील हे कोणाच्या मनात आले नाही, आणि गेली ती एकदमच.

वाचले ते एक, आफ्रिकेतल्या घाना देशात. का? तेथे नेमकी वीज गेली होती! वीज गेली की आपण चडफडतो. तिथे तिनेच लाज राखली. त्या यंत्रातली यादी तारेने पाठवायला फार दिवस लागले असते, म्हणून माणसाने ती घानाहून नायजेरियात आणून दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्याने विमानाने इंग्लंडला नेली. तिच्या आधारे दहा दिवसांत ४,००० मोठी आणि ४५,००० छोटी यंत्रे पुन्हा उभी केली, असे मर्स्कच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले.