मतदान पथक (स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका, महाराष्ट्र)

ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुकीत एका मतदान केंद्राचे काम सांभाळणारा कर्मचाऱ्यांचा गट. त्यात एक मतदान केंद्राध्यक्ष, साधारणतः तीन मतदान अधिकारी आणि एक शिपाई असतो; बंदोबस्तासाठी पोलीस असतो. त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग स्थापन झाला. आयोगाने मागणी केल्यावर राज्यपालांनी त्याला कर्मचारी उपलब्ध करून द्यावेत, अशी तरतूद राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ के मध्ये आहे. प्रत्यक्षात हे कर्मचारी महसूल, जिल्हा परिषद, पाटबंधारे अशा खात्यांतून येतात आणि त्यांत शिक्षकांचा भरणा मोठा असतो. शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे म्हणणाऱ्या शिक्षण हक्क कायद्यातही (२००९) जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांचा अपवाद केलेला आहे.

पथकाचे काम मतदानाच्या आदल्या दिवशी साहित्य वाटपाने सुरू होते. तहसील कार्यालयाच्या किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात मांडव पडलेला असतो. यंत्र, मतदार यादीच्या प्रती, मोहरा, लाख, शाई, नमुन्यांचे गठ्ठे, लिफाफे हे सारे यादीशी ताडून पाहायचे आणि एसटीने केंद्रावर न्यायचे. यादीची चिन्हांकित प्रत आपल्याच प्रभागाची आहे ना, हे तिथेच पाहिलेले बरे. हा घोळ सकाळी केंद्रावर लक्षात आला, तर क्षेत्रीय अधिकारी येईपर्यंत रांग खोळंबते. खेड्यात केंद्र बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत असते. उमेदवाराचा पाहुणचार घ्यायचा नसतो, त्यामुळे शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना पैसे देऊन पिठलं-भाकरी करून घेण्याची रीत अनेक ठिकाणी आहे.

या निवडणुकांत मतदानाची वेळ सामान्यतः सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच. त्याआधी मतदान प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतात, निकाल दाखवतात, यंत्र पुन्हा शून्यावर आणतात आणि मोहोरबंद करतात. कागदी मोहरेचा क्रमांक प्रतिनिधींनी टिपून घ्यायचा असतो. मग पहिला अधिकारी मतदाराचे नाव व अनुक्रमांक प्रतिनिधींना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचतो आणि यादीत खूण करतो. दुसरा शाई लावून नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो. तिसरा नियंत्रण यंत्राचे बटण दाबतो. केंद्राध्यक्षाने सगळीकडे नजर ठेवायची आणि दर दोन तासांनी स्त्री-पुरुष मतदानाची आकडेवारी वर कळवायची.

लोकसभेची ड्यूटी केलेला कर्मचारी इथे गोंधळतो तो यंत्रापाशी. लोकसभेला मतदार एक बटण दाबून बाहेर पडतो. इथे बहुसदस्यीय प्रभागात त्याला जागांइतकी मते द्यायची असतात. थेट सरपंच असलेल्या ग्रामपंचायतीत सदस्यांच्या जागांवर सरपंचाचे मत वेगळे, नगरपरिषदेत नगराध्यक्षाचे. प्रत्येक जागेसाठी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय स्वतंत्र. सगळ्या जागांची मते नोंदली गेली की मगच यंत्राचा लांब आवाज येतो. एखादी आजी दोन बटणे दाबून निघते, आवाज येत नाही, आणि तिसरा अधिकारी हाक मारतो, “आजी, थांबा, अजून दोन राहिली.” ती विचारते, “कुठलं दाबू?” याचे उत्तर देता येत नाही. आडोशामागे जाऊन बोट दाखवणेही नाही. भिंतीवरच्या नमुना मतपत्रिकेवर रंग दाखवून प्रत्येक रंगात एक, एवढेच सांगायचे. हे दिवसभर, त्याच शांतपणे, प्रत्येकाला सांगत राहणे हे या ड्यूटीतले खरे कसब आहे, आणि प्रशिक्षणात त्याला फारच थोडा वेळ मिळतो. इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या खटल्यामुळे राज्यातल्या अनेक संस्थांच्या निवडणुका काही वर्षे रखडल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील आदेशानंतर त्या मार्गी लागल्या, तेव्हा हे यंत्र प्रथमच हाताळणारेही पथकांत होते. प्रात्यक्षिकाला प्रत्येकाचा हात यंत्राला लागलाच पाहिजे, नुसते पडद्यावरचे सादरीकरण पुरत नाही.

दुसरी अडचण यादीची. आयोग विधानसभेचीच मतदार यादी घेतो आणि ती प्रभागांत विभागतो. एकाच घरातली नावे दोन प्रभागांत गेली की जाब विचारला जातो तो केंद्रावरच्या शिक्षकाला, ज्याचा त्या विभागणीशी काडीचा संबंध नसतो. २०२५ च्या अखेरीस संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापण्यात आले. अशा मतदाराने दुसरीकडे मत दिले नसल्याचे हमीपत्र लिहून दिल्यावरच त्याला मतदान करू द्यायचे होते. प्रतिनिधीने मतदाराच्या ओळखीवर हरकत घेतली, तर तो आक्षेपित मताचा प्रसंग. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे आढळले, तर ओळख पटवून त्या मतदाराला प्रदत्त मतपत्रिका देतात. ती यंत्रात न जाता वेगळ्या लिफाफ्यात जाते. गावात मतदार आणि प्रतिनिधी एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, काही मतांवर निकाल फिरतो, आणि बरोबरी झाली तर चिठ्ठी काढावी लागते. त्यामुळे हरकतींना इथे धार असते. बाहेरून आलेल्या केंद्राध्यक्षाने भावकीच्या वादात न पडता नियमावलीचे पान उघडावे, हेच योग्य.

साडेपाचला आवारात असलेल्या सर्वांना मतदान करता येते. रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. यंत्र बंद करून नोंदवलेल्या मतांचा हिशेब मांडायचा. यंत्रातली एकूण संख्या नोंदवहीशी जुळली पाहिजे आणि हिशेबाची प्रत प्रतिनिधींना द्यायची. त्यानंतर केंद्राध्यक्षाची दैनंदिनी, घोषणापत्रे, मोहोरबंद लिफाफे. घाईत भरलेल्या एका चुकीच्या आकड्याचा खुलासा पुढे मतमोजणीच्या टेबलावर मागितला जातो.

साहित्य जमा करून कार्यमुक्तीचा आदेश हाती येईपर्यंत बऱ्याचदा मध्यरात्र उलटते. महिला कर्मचाऱ्यांना याचा जाच सर्वाधिक, कारण तहसीलपासून घरापर्यंतच्या वाहनाची सोय प्रत्येक ठिकाणी नसते. जमा करण्याच्या खिडक्या वाढवणे, लिफाफ्यांची तपासणी बसमध्येच क्षेत्रीय अधिकाऱ्याने उरकणे आणि महिलांना आधी मोकळे करणे या तिन्ही गोष्टी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला आपल्या पातळीवर करता येण्यासारख्या आहेत.